पेलेटवरची भट्टी, विक्रेत्याची टाळाटाळ आणि दाद मागण्याचा मार्ग (इंदूर)

फराळगृह_इंदूर :

सर्व सभासदांना नमस्कार. सुदामा नगरात आमचा घरगुती फराळाचा उद्योग आहे. मी, माझ्या सासूबाई आणि मदतीला येणाऱ्या दोघीजणी मिळून शेव, चकली, चिवडा आणि सणांच्या आधी करंज्या-अनारसे करतो. तळणीची मोठी कढई दिवसातले बरेच तास तापलेली असते आणि आमच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा व्यावसायिक सिलिंडरचा असतो. त्यामुळे लाकडाच्या भुशापासून किंवा शेतातल्या काडीकचऱ्यापासून केलेल्या पेलेटवर, म्हणजे दाबून बनवलेल्या लहान कांड्यांवर, चालणारी, पंखा असलेली भट्टी घेण्याचे आम्ही ठरवले.

मंचाच्या नियमानुसार विक्रेत्याचे नाव लिहीत नाही. त्याच्या कोटेशनमध्ये ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील, एका वर्षाची वॉरंटी आणि अकरा रुपये किलोने पेलेटचा पुरवठा असे लिहिले होते. एकूण किंमत अडतीस हजार रुपये ठरली आणि त्यातले वीस हजार रुपये आम्ही ऑनलाइन इसार म्हणून दिले. प्रत्यक्षात जी भट्टी आली तिच्यावरचा मॉडेल क्रमांक कोटेशनमधल्या क्रमांकाशी जुळत नाही. पक्के बिल मागितले असता हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली. ज्या भांड्यात पेलेट जळतात त्याचा तळ थोड्याच दिवसांत वाकला, त्यातली हवेची भोके कडक ढेपांनी बुजू लागली आणि धूर कढईकडे येऊ लागला. तक्रार केली की आम्ही पेलेट जास्त भरतो असे उत्तर मिळते. पेलेटचा भाव आता सतरा रुपयांवर गेला आहे आणि दुसरीकडून पेलेट घेतल्यास वॉरंटी रद्द होईल असे तो सांगतो. उरलेले अठरा हजार रुपये मात्र त्याला लगेच हवे आहेत.

भट्टीतच दोष आहे की पेलेटमध्ये, हे आम्ही कसे ठरवावे? आणि बाकी रक्कम रोखून धरण्याचा आम्हाला अधिकार आहे का? ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

छावणी_भोजनालय :

ताई, छावणीत आमचे भोजनालय आहे आणि आमच्याकडे अशीच भट्टी बऱ्याच काळापासून व्यवस्थित चालू आहे. भात, वरण आणि भाजी तिच्यावर होते, पोळ्या मात्र आम्ही गॅसवरच करतो, कारण तव्याखालची आच झटक्यात कमी-जास्त करणे पेलेटवर जमत नाही. आम्ही सांवेर रोडवरच्या एका उत्पादकाकडून भुशाचे पेलेट आणतो आणि भट्टी विकणाऱ्याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. माझे मत असे की विक्रेता गावातलाच असेल तर एकदा समोर बसून बोलावे, कारण उद्या पंखा बिघडला तर त्याचाच माणूस बोलवावा लागेल. पण मॉडेलच वेगळे दिले असेल तर ते गंभीर आहे.

बडोदे_बॉयलर :

मी बडोद्यात कारखान्यांच्या बॉयलरच्या कामात आहे. तिथेही शेंगांची टरफले, एरंडाचा आणि कापसाच्या काड्यांचा कचरा जाळला जातो, त्यामुळे या इंधनाचे गुण-दोष रोज पाहतो. ताईंच्या प्रश्नात दोन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळले आहेत असे मला वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पेलेट भट्टीत हवा दोन ठिकाणांहून लागते. तळाच्या भोकांतून येणारी पहिली हवा पेलेटचे ज्वलनशील वायूत रूपांतर करते आणि भांड्याच्या वरच्या कडेच्या भोकांतून येणारी दुसरी हवा तो वायू जाळते. दोन्ही हवांचे प्रमाण नीट असेल तर ज्योत स्वच्छ असते. तळाची भोके बुजली की हा समतोल जातो, अर्धवट जळलेला वायू वर येतो आणि त्यात धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही असतो, ज्याला वास नसतो. भोके बुजवणारी ढेप म्हणजे वितळून पुन्हा घट्ट झालेली राख. गवत, पेंढा अशा पिकांच्या अवशेषांत पोटॅशियम आणि सिलिका जास्त असतात, त्यामुळे त्यांची राख कमी तापमानाला मऊ होते. पेलेटमध्ये माती मिसळली असेल तरीही हेच घडते. म्हणून ढेपांचा संशय प्रथम इंधनावर घ्यावा.

पेलेट तपासण्याचा सोपा मार्ग असा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक किलो पेलेट मोजून घ्यावेत, भट्टी आधी पूर्ण साफ करून तेवढेच जाळावेत आणि सगळे थंड झाल्यावर राख आणि ढेपा मिळून वजन करावे. लाकडी पेलेटच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयएसओ १७२२५ च्या दुसऱ्या भागात, सर्वोत्तम ए१ श्रेणीसाठी राख ०.७ टक्के, ए२ साठी १.२ टक्के आणि बी श्रेणीसाठी २ टक्क्यांपर्यंत चालते, आणि ओलावा १० टक्क्यांहून जास्त चालत नाही. याचा अर्थ भुशाच्या चांगल्या पेलेटची राख किलोमागे वीस ग्रॅमच्या आत हवी. पिकांच्या अवशेषांपासून केलेल्या पेलेटमध्ये ती पन्नास ते शंभर ग्रॅम असू शकते, आणि भाताच्या तुसाची तर पंधरा ते वीस टक्के असते. असे पेलेट वाईटच असतात असे नाही, बॉयलरमध्ये ते चालतात, पण लहान भट्टीसाठी ते भुशाच्या पेलेटच्या भावाने विकणे ही फसवणूक आहे.

दुसरी तपासणी पाण्याची आहे. चांगला दाबलेला पेलेट पाण्यात टाकताच बुडतो आणि काही मिनिटांत फुलून त्याचा भुसा होतो. लाकडातले लिग्निन उष्णतेने आणि दाबाने मऊ होऊन तेच चिकटवण्याचे काम करते, वेगळा डिंक लागत नाही. फुललेल्या भुशाखाली वाळू किंवा माती बसली तर भेसळ डोळ्यांनी दिसते. जाळताना डोळे चुरचुरतील असा उग्र वास येत असेल तर प्लायवूड किंवा एमडीएफचा (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांचा) भुसा वापरला असण्याची शक्यता आहे. त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ असते आणि खाद्यपदार्थांजवळ तो धूर मुळीच नको.

भांड्याचा तळ वाकणे हा मात्र भट्टीचा स्वतंत्र दोष आहे. तिथे साधा पातळ पत्रा वापरला असेल तर तो तापून वाकतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. लोहचुंबक लावून ३०४ ओळखता येते असा समज आहे, परंतु स्वस्त २०२ दर्जाचे स्टीलही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. २०२ ज्या २०० मालिकेत येते तिच्यात निकेल वाचवण्यासाठी मँगेनीज जास्त घातलेले असते. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे तपासणीचे द्रावण असते, त्याचा थेंब टाकून लहान बॅटरीचा प्रवाह दिला की अशा स्टीलवर रंग लाल होतो. सियागंजात विचारल्यास ते मिळावे. चुंबक भांड्याच्या तळाला घट्ट चिकटला, तर तिथे ३०४ नाही हे मात्र तेवढ्यावरच म्हणता येईल.

छावणी_भोजनालय :

बडोदेकरांनी पाण्याची तपासणी सांगितली ती आज करून पाहिली, आमचे पेलेट पाच-सात मिनिटांत पूर्ण फुलले आणि खाली काही बसले नाही. धन्यवाद.

धार_रोड :

ही सगळी यातायात पाहता मला प्रामाणिकपणे विचारावेसे वाटते की गॅस सोडण्यात खरोखर किती बचत आहे? विक्रेते एक सिलिंडर म्हणजे पन्नास किलो पेलेट असे सांगतात. हे खरे आहे का?

बडोदे_बॉयलर :

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि विक्रीच्या बोलण्यातली खरी मेख इथेच असते. व्यावसायिक सिलिंडरमध्ये १९ किलो गॅस असतो. किलोला सुमारे ११,००० किलोकॅलरी धरल्या तर सिलिंडरमध्ये २,०९,००० किलोकॅलरी होतात. भुशाच्या पेलेटची उष्णता किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी असते, म्हणून भागाकार केला की बावन्न किलो येतात. विक्रेता एवढेच सांगून थांबतो. परंतु इंधनातली सगळी उष्णता कढईत जात नाही. घरगुती गॅस शेगडीच्या भारतीय मानकात किमान कार्यक्षमता ६८ टक्के आहे, तर घन जैवइंधनाच्या चुलींच्या आयएस १३१५२ या मानकात पंख्याच्या चुलीसाठी किमान ३५ टक्के आणि बिनपंख्याच्या चुलीसाठी २५ टक्के आहे. हे आकडे धरले तर एका सिलिंडरचे काम करायला सुमारे १०१ किलो पेलेट लागतात. भट्टी चांगली असून तिची कार्यक्षमता ४० टक्के असेल तर ८९ किलो.

आता समजा सिलिंडर १,८०० रुपयांना पडतो. अकरा रुपयांच्या भावाने १०१ किलो पेलेटचे १,१११ रुपये होतात, म्हणजे बचत चांगली आहे. सतरा रुपयांनी १,७१७ रुपये होतात, आणि त्यात राख काढण्याची मेहनत, गोणी ठेवायची जागा आणि पंख्याची वीज मिळवली तर बचत उरतच नाही. तुमच्या गावातला त्या दिवसाचा भाव घालून हाच हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. भट्टी घेण्याचा निर्णय भट्टीच्या किमतीवर नव्हे, तर पेलेटच्या भावावर आणि तो भाव ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहतो यावर अवलंबून आहे. पेलेट माझ्याकडूनच घ्या हे सांगणारा विक्रेता म्हणूनच सर्वांत धोक्याचा.

पुणे_इंधनमित्र :

वरच्या मुद्द्याला इतिहासाचाही आधार आहे. बीपी ही ब्रिटिश तेल कंपनी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्यातून २००६ च्या सुमारास 'ऊर्जा' नावाची पेलेटवरची पंख्याची शेगडी बाजारात आली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या अनेक घरांनी ती घेतली. शेगडीचे तंत्र उत्तम होते. पुढे शेतीतल्या कचऱ्याला इतर उद्योगांकडून मागणी वाढली, पेलेट महागले आणि घरगुती ग्राहक दूर गेले. नंतर हा व्यवसाय पुण्याच्या एका कंपनीकडे आला आणि तिने हॉटेले व मोठी स्वयंपाकघरे यांच्याकडे लक्ष वळवले. अलीकडे औष्णिक वीज केंद्रांकडूनही पेलेटना मागणी आहे, कारण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने कोळशात ५ टक्के जैवइंधन मिसळायला सांगितले. त्यामुळे भाव नेहमी हाच राहील असे कोणी तोंडी सांगितले तर त्याला अर्थ नसतो.

लष्कर_ग्वाल्हेर :

मी ग्वाल्हेरला वकिली करते आणि ग्राहक आयोगापुढची प्रकरणे पाहते. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

पहिली अडचण विक्रेता कदाचित हीच उभी करील की तुम्ही वस्तू व्यापारासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी उद्देशाने केलेली खरेदी वगळली आहे हे खरे, परंतु त्याच व्याख्येच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ही व्यापारी उद्देशाची धरली जाणार नाही. तुम्ही आणि सासूबाई स्वतः तळणीला उभ्या राहता, हे तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट लिहा. मदतनीस असल्यामुळे विरुद्ध बाजू वाद घालील, पण मला तुमची बाजू भक्कम वाटते.

बिल न देणे ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे, हीदेखील तशीच प्रथा आहे. म्हणून तीस दिवस उलटण्याआधी लेखी मागणी पोहोचली पाहिजे, हे काम आजच करा. एक वस्तू देताना दुसरी आपल्याकडूनच घेण्याची अट घालणे ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणून कायद्यात आलेली आहे. वॉरंटीच्या आडून घातलेली अट त्यात बसते असा युक्तिवाद करता येईल.

उरलेल्या रकमेबद्दल माझा सल्ला असा की ती नुसती अडवून गप्प बसू नये. कोटेशनप्रमाणे माल मिळताच रक्कम देण्यास आम्ही तयार आहोत, असे नोटिशीत लिहावे, म्हणजे पैसे बुडवल्याचा आरोप टिकणार नाही.

आणखी एक काम करा. कोटेशनवर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या ठिकाणी घालून पाहा. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, मध्य प्रदेशासाठी २३ आणि गुजरातसाठी २४. नोंदणी चालू आहे की रद्द, ती कोणाच्या नावाने आहे आणि व्यवसायाचा पत्ता कोणता, हे तिथे कोणालाही दिसते.

फराळगृह_इंदूर :

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या केल्या. एक किलो पेलेटमधून सव्वाशे ग्रॅमहून अधिक राख आणि ढेपा निघाल्या आणि पाण्यात तळाला बारीक माती बसली. चुंबक बाहेरच्या आवरणाला चिकटत नाही, पण भांड्याच्या तळाला घट्ट चिकटतो. म्हणजे इंधन आणि भट्टी दोन्हीकडे खोट आहे.

जीएसटी क्रमांकाने तर मला धक्काच बसला. तो २४ ने सुरू होतो, नोंदणी रद्द झालेली आहे आणि ती वेगळ्याच नावाने आहे. विक्रेत्याचे दुकान मात्र इथेच पालद्याच्या बाजूला आहे. ज्या व्यवहारावर घरातल्या चौघींचे काम अवलंबून आहे त्यात असे कागद हातात द्यावेत, याचा मला फार संताप आला आहे. आता समोर बसून बोलण्याआधी मी नोटीसच पाठवणार आहे. त्यात काय काय लिहावे?

लष्कर_ग्वाल्हेर :

संताप योग्य आहे, पण नोटिशीत फक्त घटना आणि कागद असू द्या. कोटेशनची तारीख, पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, मिळालेल्या भट्टीवरच्या पट्टीचे छायाचित्र, राख आणि भांड्याची छायाचित्रे, व्हॉट्सअॅपवरचे संभाषण आणि शेवटी तुमची नेमकी मागणी, म्हणजे ठरलेले मॉडेल द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. पंधरा दिवसांची मुदत देऊन ती स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्याची प्रत त्याच्या फोनवरही पाठवा. संभाषण पुसू नका. वाकलेले भांडेही त्याच्या माणसाच्या हाती देऊ नका, कारण आयोग सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि तो पुरावा तुमच्याकडेच राहिला पाहिजे.

त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथून निकाल मिळत नाही, पण मध्यस्थीचा प्रयत्न होतो. उपयोग झाला नाही तर इंदूरच्या जिल्हा आयोगापुढे तक्रार दाखल करा. वस्तूसाठी पन्नास लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेली प्रकरणे तिथेच चालतात, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, वकील असणे सक्तीचे नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगापुढेही ती देता येते, म्हणजे विक्रेत्याने परगावचा पत्ता दाखवला तरी तुम्हाला तिकडे जावे लागणार नाही. ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. रद्द झालेल्या नोंदणीचा क्रमांक वापरल्याबद्दल जीएसटी विभागाकडे स्वतंत्रपणे कळवता येईल. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता असे दिसले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहेच, मात्र पोलिसांत जाण्याआधी नोटिशीचे उत्तर येऊ द्या.

बडोदे_बॉयलर :

निकाल लागेपर्यंत ती भट्टी बंद खोलीत पेटवू नका. वाकलेल्या तळामुळे हवा कुठूनही शिरते आणि वीज गेली की पंखा थांबून धूर मागे फिरतो. दारे-खिडक्या उघड्या हव्यात, वर धुराडे हवे आणि पंख्याला लहान बॅटरीचा आधार हवा. काढलेली राख लोखंडी डब्यातच ठेवावी, तिच्यातले निखारे बराच वेळ जिवंत असतात.

फराळगृह_इंदूर :

विषय उघडला होता म्हणून पुढची हकीकत कळवणे माझे कर्तव्य आहे. नोटीस पोहोचल्यावर आणि हेल्पलाइनकडून विचारणा झाल्यावर विक्रेता स्वतः घरी आला. त्याने भट्टी बदलून कोटेशनमधले मॉडेल दिले, या वेळी चालू नोंदणीच्या क्रमांकाचे पक्के बिल दिले, आणि कोणत्याही उत्पादकाचे पेलेट वापरले तरी, राख ठरावीक मर्यादेत असल्यास, वॉरंटी कायम राहील असे बिलावरच लिहून सही-शिक्का केला. जुने भांडे मी परत दिलेले नाही. बाकी रक्कम नवी भट्टी आठवडाभर चालवून पाहिल्यावर खात्यातून खात्यात दिली.

माती मिसळलेल्या पेलेटचे पैसे परत करण्यास मात्र त्याने साफ नकार दिला. रक्कम फार मोठी नाही, पण तेच पेलेट तो आजही इतरांना विकतो आहे, म्हणून तेवढ्यापुरती तक्रार मी जिल्हा आयोगापुढे दाखल केली आहे. छावणीच्या दादांनी सांगितलेल्या उत्पादकाचे पेलेट आणले, त्यांची राख किलोमागे वीस ग्रॅमच्या आत आहे आणि ढेपा होत नाहीत. सध्याच्या भावाने हिशेब केला तर बचत होते आहे.

आता पावसाळ्याआधी किती साठा करून ठेवावा, हे कोणी सांगू शकेल का?

छावणी_भोजनालय :

ताई, तीन-चार आठवड्यांपुरताच ठेवा. पेलेट हवेतला ओलावा ओढून घेतात आणि एकदा फुगले की हॉपरमध्ये, म्हणजे पेलेट भरायच्या पेटीत, अडकतात, वाळवूनही पूर्ववत होत नाहीत. गोणी आतून प्लास्टिकची असावी, जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी, आणि उघडलेली गोणी त्याच आठवड्यात संपवावी. पुढच्या खेपेला मी गाडी मागवीन तेव्हा तुमच्या गोण्याही त्यातच मागवता येतील, भाड्याचा भार निम्मा होईल.